ताप उतरला, पण अंगात त्राण येईना

माझी आई 76 वर्षांची. साडेतीन महिन्यांपूर्वी तिला फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं. त्याआधी ती घरातलं सगळं स्वतः करायची, दोन जिने न थांबता चढायची. आता आंघोळ करून आली की तासभर आडवी होते. कपडे अंगावर लोंबायला लागलेत. हॉस्पिटलात दोन रात्री तिने मला ओळखलंच नव्हतं. आता ओळखते, पण बोलताना शब्द सापडत नाहीत, शेगडी बंद केली की नाही ते आठवत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, "वयाच्या मानाने ठीक आहे." भाऊ म्हणतो, पडून राहिली तर कायमची पडेल, म्हणून तो रोज तिला फिरायला नेतो. मी म्हणते, तिला आराम करू दे. गेल्या रविवारी त्याच्या आग्रहाने ती नेहमीपेक्षा बरंच चालली आणि पुढचे दोन दिवस उठलीच नाही. त्यावरून आमचं मोठं भांडण झालं. आमच्यातलं कोण बरोबर? आणि आई पूर्वीसारखी होईल का?

— एक लेक

ताई,

"वयाच्या मानाने ठीक आहे" हे वाक्य मी आजवर इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं की राग येतो. साडेतीन महिन्यांत कुणाचं वय दहा वर्षांनी वाढत नाही. तुमच्या आईची तुलना 76 वर्षांच्या इतर बायकांशी करून काही हाती लागणार नाही. चार महिन्यांपूर्वी ती कशी होती, एवढीच तुलना कामाची. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा "आईला फार अशक्तपणा आहे" असं म्हणू नका. तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय, कुणाच्या कानाला लागत नाही. असं सांगा: "आजारापूर्वी दोन जिने चढायची, आता आंघोळीनंतर तासभर झोपते. तेव्हा वजन इतकं होतं, आज इतकं आहे." आकडा समोर ठेवला की डॉक्टरांनाही थांबून विचार करावा लागतो.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. असं का होतं, ते मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं रक्तात सोडतं, ती भूक मारतात आणि स्नायूंमधली प्रथिनं मोडून लढाईच्या कामाला लावतात. तिशीतल्या माणसाकडे स्नायूंची शिल्लक भरपूर असते, आठवडाभरात झालेली झीज त्याला जाणवतही नाही. सत्तरीनंतर ही शिल्लक आधीच उतरणीला लागलेली असते, आणि त्यावर अंथरुणाची भर पडते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षं वयाच्या, चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं. ताप नाही, खोकला नाही, जेवणखाण व्यवस्थित. तरी दहा दिवसांत दोन्ही पायांमधलं मिळून जवळजवळ एक किलो वजन गेलं, आणि ते चरबीचं नव्हतं, मुख्यतः स्नायूंचं होतं. तुमची आई नऊ दिवस हॉस्पिटलात होती, न्यूमोनियासह, आणि त्या दिवसांत तिच्या पोटात किती अन्न गेलं असेल याचा अंदाज तुम्हालाच जास्त. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हा गेलेला एक किलो कुठेच दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात आणि आई मात्र उठत नाही.

या अवस्थेला वृद्धांचे डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. आपण खंगणं म्हणतो ते त्याच्या बरंच जवळ जातं. वृद्धांच्या आजारांच्या अमेरिकन डॉक्टर लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ती ओळखायच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वजन उतरणं (वर्षभरात साधारण साडेचार किलो किंवा जास्त), सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचालच कमी होणं. पाचांपैकी तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर त्याच्या उंबरठ्यावर. तुमच्या पत्रातच मला निदान दोन दिसतात, आणि वजन केलंत तर कदाचित तिसरीही सापडेल. हे घाबरवायला सांगत नाही. फ्रेल्टी एकाच दिशेने जात नाही. माणसं तिच्यात शिरतात तशी काही त्यातून बाहेरही येतात, आणि वयापेक्षा आजारपणामुळे आलेली असेल तर बाहेर यायची आशा जास्त धरता येते.

आता तुमचं भांडण.

तुमच्या भावाचं म्हणणं चूक नाही. स्नायू वापरले नाहीत तर ते परत येत नाहीत, आणि गोळ्या-टॉनिकं खाऊन तर मुळीच येत नाहीत. तुमचंही चूक नाही, कारण विषाणूजन्य आजारानंतर काहींच्या अंगात असा थकवा राहतो की श्रम केले की तो वाढतो. थकव्याचे हे दोन प्रकार अगदी वेगळे आहेत आणि दोघांवरचा उपाय एकमेकांच्या उलट आहे. तुमची आई यातल्या कुठल्या प्रकारात बसते, हे तुम्ही दोघांनी ठरवण्याआधीच भांडायला सुरुवात केलीत.

पहिला थकवा स्नायू गेल्याचा. चालताना धाप लागते, मांड्या भरून येतात, संध्याकाळी पाय दुखतात. पण रात्रभर झोप झाली की सकाळी बरं वाटतं, आणि पंधरा दिवसांत तेवढंच अंतर थोडं सोपं जायला लागतं. या थकव्याला व्यायाम हेच औषध.

दुसरा थकवा लबाड असतो. श्रम करताना माणूस ठीक दिसतो, कधी कधी तर खुशीत असतो. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी वसूल होते. अंग मोडून येतं, डोकं बधिर होतं, घसा दुखतो, पुन्हा फ्लू झाल्यासारखं वाटतं, आणि झोपून उठलं तरी ताजंतवानं वाटत नाही. हे कितीतरी दिवस टिकू शकतं. आणि त्याला चालणंच कारणीभूत असतं असं नाही. पाहुणे येऊन दोन तास गप्पा मारून गेले, बँकेचे कागद भरत बसली, एवढंही पुरतं. हा प्रकार लाँग कोविडमुळे बऱ्याच लोकांना माहीत झाला, पण तो कोविडपुरता नाही, इतर विषाणूंनंतरही दिसतो. अशा माणसाला "रोज थोडं थोडं वाढव" म्हणत ढकललं तर त्याची तब्येत आणखी खालावते. पूर्वी या थकव्यावर ठरावीक टप्प्यांनी वाढत जाणारा व्यायाम सुचवला जायचा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो देऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

रविवारनंतरचे ते दोन दिवस आईने कसे काढले? पाय दुखत होते म्हणून ती पडून होती, की डोळे उघडायचाही कंटाळा येत होता? बोलत होती का? उजेड-आवाज नको वाटत होता का? तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि सगळं तर त्यावरच ठरणार आहे. एकदा झालं म्हणून निष्कर्ष काढू नका. साडेतीन महिन्यांनी पहिल्यांदाच खूप चाललेलं शरीर एकदा आडवं पडू शकतं. दोन-तीनदा असंच झालं तर मात्र तो दुसरा प्रकार समजा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

त्यासाठी एक वही करा. रोज रात्री दोन ओळी पुरे: आज काय काय केलं, आणि काल केलेल्याचा आज काय परिणाम दिसला. आजच्या दिवसाला आजच मार्क देऊ नका, दुसऱ्या दिवशी द्या. दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला दोघांनाही उत्तर दिसेल, आणि ते वहीत लिहिलेलं असल्यामुळे त्यावर वाद घालता येणार नाही.

तोवर काय करायचं? फिरायला नेणं थोडं बाजूला ठेवा आणि खुर्चीपाशी या. एक सरळ पाठीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईला बसवा, दोन्ही हात छातीवर घडी घालायला सांगा आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगा. तुम्ही शेजारी, हाताच्या अंतरावर उभ्या राहा. आणि नीट बघा. ती उठायच्या आधी दोन-तीन झोके घेते का? हात नकळत सुटून गुडघ्यावर जातात का? उभी राहिल्यावर क्षणभर तोल सावरते का? बसताना हळू टेकते की शेवटच्या वीतभर अंतरात धपकन पडते? ते धपकन बसणं मी नेहमी बघते. मांडीच्या स्नायूंनी हात टेकले की माणूस असा बसतो. जमलं तर सलग पाच वेळा उठबस करायला सांगा आणि घड्याळात सेकंद मोजा. 15 पेक्षा जास्त लागले तर स्नायूंची ताकद कमी झाल्याची ती खूण धरतात. हातांशिवाय एकदाही जमलं नाही तर तिथेच थांबा. तेही एक उत्तर आहे, वहीत लिहा.

हीच चाचणी पुढे व्यायाम होते. दिवसातून दोनदा, तिला सहज जमतील त्याच्या निम्म्या उठबशा. दहा जमत असतील तर पाच. जोडीला ओट्याला किंवा टेबलाला धरून टाचा उचलणं. दुसऱ्या दिवशी काही त्रास नाही असं आठवडाभर दिसलं तर एखादी वाढवा. दुसऱ्या दिवशी ती कोसळली तर मागे या, आणि मागे येण्यात कमीपणा मानू नका. फिजिओथेरपिस्टची मदत मिळत असेल तर जरूर घ्या, पण दुसऱ्या दिवशीच्या थकव्याची गोष्ट त्यांना आधी सांगा.

वयाला भिऊन हे सोडू नका. 1994 मध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या 100 खंगलेल्या माणसांवर एक अभ्यास झाला, सरासरी वय 87. त्यातल्या ज्यांनी दहा आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम केला, त्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून जास्त झाली. कित्येकजण काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे होते. तुमची आई त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे.

मायेपोटी होणारी एक चूकही सांगते, कारण ती मी घरोघरी पाहिली आहे. एका आजोबांच्या मुलांनी पाणी, औषधं, चष्मा, रिमोट, सगळं त्यांच्या उशाशी आणून ठेवलं होतं. कुणालाही दिसेल की किती जीव आहे त्यांचा वडिलांवर. पण त्यामुळे आजोबांना दिवसातून फक्त शौचाला उठावं लागत होतं. आम्ही पाण्याचा जग खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवला, वाटेत धरायला दोन भक्कम जागा ठेवल्या, पायपुसणं उचललं. एवढंच. दिवसाला आठ-दहा वेळा उठणं त्यांच्या वाट्याला परत आलं. आईला भाजी निवडू द्या, कपड्यांच्या घड्या घालू द्या, बसून का होईना. तिचं काम तिच्या हातून काढून घेऊ नका, फक्त त्याचे तुकडे पाडा. आंघोळीत इतकी दमत असेल तर स्टुलावर बसून करू दे, केस दुसऱ्या दिवशी धुवू दे.

आता खाणं. व्यायाम कितीही केला तरी प्रथिनं पोटात गेली नाहीत तर स्नायू बनणार कशाचे? आजारातून उठलेल्या वयस्क माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ सांगतात. 50 किलोच्या बाईला म्हणजे 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, मोठ्या पेलाभर दुधात 7-8. हिशेब केलात तर लक्षात येईल की "दोन घास खाल्ले" म्हणतो त्यात पंधराही भरत नाहीत. दूध, अंडी, डाळी, मासे, घरात जे चालत असेल ते, पण प्रत्येक खाण्यात थोडं थोडं. उतारवयात स्नायू प्रथिनं सहजासहजी उचलत नाहीत, म्हणून नाश्त्यालाही ती हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, तिथे हा हिशेब बदलतो. आणि एक विचारून बघा: तिला वास येतो का? विषाणूजन्य आजारानंतर वास जाणं अगदी नेहमीचं आहे. ज्याला वास नाही त्याला अन्न म्हणजे नुसता चोथा. वास नसलेल्या माणसाला गळणारा गॅसही कळत नाही, हे तुमच्या शेगडीच्या चिंतेशी जोडून पाहा.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची पिशवी घेऊन जा, चिठ्ठ्या नकोत, प्रत्यक्ष पाकिटं. आजारापूर्वीच्या वजनाला आणि भुकेला ठरवलेला रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीचा डोस आता जास्त होत असू शकतो. वजन उतरलंय, खाणं कमी झालंय, गोळी मात्र तीच. आई उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते का? आडवं असतानाचा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतला रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर थकव्याचं निम्मं कारण तिथेच सापडायचं. सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधं आणि झोपेच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात गोंधळ घालतात, पाडतात. पण झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व तपासलंय का ते विचारा, कारण "सगळे रिपोर्ट" म्हणजे नेमके कुठले, हे पुष्कळदा कुणीच पाहिलेलं नसतं. हृदयाचंही विचारा. फ्लू छातीपुरता राहत नाही. कॅनडातल्या 2018 च्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं होतं. तिची धाप केवळ स्नायूंची आहे, हे हृदय तपासल्याशिवाय ठरवू नये.

हॉस्पिटलातल्या त्या दोन रात्री. तुम्ही त्या एका ओळीत लिहिल्यात, पण मला वाटतं तुमच्या मनात त्याच सगळ्यात खोल बसल्यात. सख्ख्या आईने "तू कोण?" म्हणून पाहावं, ते विसरता येत नाही. त्याला डिलिरियम म्हणतात. वयस्क माणसाच्या मेंदूवर संसर्गाचा, तापाचा, परक्या जागेचा, मोडलेल्या झोपेचा ताण आला की हे होतं. ते वेड नव्हे, आणि तुम्हाला विसरणंही नव्हे. त्याचा मागमूस जायला आठवडे, काहींना महिने लागतात, म्हणून लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारायचा नसतो. तरी ज्यांना डिलिरियम होऊन गेलाय त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो, हेही खरं. साडेतीन महिने झालेत. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात शब्द जास्त सापडत असतील तर वाट बघा. तसं नसेल, किंवा उलट होत असेल, तर आता स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्या. त्याआधी ऐकू नीट येतंय ना, चष्मा बरोबर आहे ना, आणि मन उदास तर नाही ना, हे बघा. आजारातून उठलेली बाई "मला काही नको" म्हणते तेव्हा तो थकवा नसून नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

अचानक गोंधळ वाढला, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर वही-बिही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल.

ती सावरली की लसींबद्दल विचारा: दरवर्षीची फ्लूची, न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची), नागिणीची. नागीण बरी झाल्यावरही त्याच जागी महिनोन्‌महिने आग होत राहू शकते, आणि वय जितकं जास्त तितका तो धोका जास्त. आईच्या सहवासात राहणाऱ्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर तीही अर्धी आईचीच.

आई पूर्वीसारखी होईल का? मी तिला पाहिलेलं नाही, म्हणून शब्द देत नाही. माझा अनुभव असा की अशा आजारानंतर सावरायला सहा महिने ते वर्षभर धरून चालावं. बरेचजण बऱ्यापैकी सावरतात, काही पूर्ण सावरत नाहीत. दोन जिन्यांच्या जागी एक जिना आणि मध्ये विसावा, असं होऊ शकतं. पण आज ती जिथे आहे तिथेच राहील, असं मानायला तुमच्या पत्रात मला एकही कारण सापडलं नाही.

भावाला हे पत्र वाचायला द्या. तो आईला ढकलतो कारण ती अंथरुणाला खिळेल या भीतीने त्याची झोप उडाली आहे. तुम्ही अडवता कारण तुम्ही त्या दोन रात्री पाहिल्यात. आज संध्याकाळी वजनकाटा काढा, खुर्ची भिंतीला लावा, तुम्ही आईच्या शेजारी उभ्या राहा आणि सेकंद त्याला मोजू द्या. आकडा तारखेसह वहीत लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा. मी वाट बघते.